कोण बोलतंय ते कळत नाही म्हणून पुस्तक ठेवून देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत गेले काही आठवडे जॉर्ज हिगिन्सच्या ‘द फ्रेंड्स ऑफ एडी कॉइल’ या अमेरिकन गुन्हेगारी कादंबरीवर वाचकांची मतं छापून येतायत, ती मी सगळी वाचली, काही कापून ठेवली, आणि शेवटी राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं असेल तर कापा पण मधला हाताचा भाग आणि शेवटचा तू-तुम्हीचा भाग तेवढा ठेवा ही विनंती. आणखी एक, ज्यांना ही कादंबरी अजून वाचायची आहे त्यांनी हे पत्र नंतर वाचावं, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला माझं म्हणणं मांडताच येणार नाही.

बहुतेकांची तक्रार एकच आहे की पुस्तकात काही घडतच नाही. एकाने लिहिलंय नुसती बडबड, पानंच्या पानं दोन माणसं बसून बोलतायत. दुसऱ्याने लिहिलंय की कोण बोलतंय तेच समजत नाही म्हणून चाळीस पानांवर सोडून दिलं. कोणाला ती सिनेमाची स्क्रिप्ट वाटली, कोणाला शिव्या खटकल्या. ज्यांना आवडलं त्यांनी ‘डायलॉग जबरदस्त’ एवढं लिहून विषय संपवलाय, आणि खरं सांगायचं तर मला या आवडलेल्या लोकांचं जास्त वाईट वाटलं, कारण त्यांनी सुद्धा डायलॉग म्हणजे गोष्टीला वरून लावलेली झालर असंच धरलंय. गोष्ट वेगळी आणि बोलणं वेगळं असं या पुस्तकात करताच येत नाही, आणि तेच मला सांगायचंय.

मी बत्तीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. हे सांगायचं कारण असं की माणसं बोलतात कशी आणि कागदावर उतरतात कशी यातला फरक मी रोज हाताने टाईप केलाय. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असतो, वकील विचारतात, तुम्ही त्या रात्री तिथे नव्हताच ना? साक्षीदार आधी खाली बघतो, मग वकिलांकडे, मग म्हणतो, ‘आता साहेब, होतो म्हणजे, तसा होतोच की.’ आणि कागदावर काय येतं? ‘मी त्या रात्री घटनास्थळी हजर नव्हतो हे म्हणणे खरे नाही.’ झालं. प्रश्न गेला, खाली बघणं गेलं, ते ‘होतो म्हणजे’ गेलं. कायद्याला तेवढं पुरतं आणि त्यात कोणाचा दोष नाही, पण समोर बसलेल्या प्रत्येकाला त्या ‘होतो म्हणजे’ वरूनच कळलेलं असतं की हा माणूस काहीतरी दाबतोय. संध्याकाळी घरी आल्यावर माझ्या कानात टाईप केलेलं वाक्य नसायचं, ते गाळलेलं असायचं.

या कादंबरीत ते गाळलेलं सगळं जागच्या जागी आहे. आणि ते कुठून आलं हेही उघड आहे, कारण हिगिन्स त्याच जगात वावरलेला माणूस. आधी वार्ताहर, मग वकील, मग बॉस्टनमध्ये सरकारी वकील, संघटित गुन्हेगारीच्या केसेस चालवणारा. म्हणजे टेपवरची बोलणी, खबऱ्यांच्या गोष्टी, एकमेकांवर नाव ढकलणारे आरोपी हे त्याच्या टेबलावरचं रोजचं काम. त्याआधी त्याने कितीतरी कादंबऱ्या लिहून पाहिल्या होत्या ज्या छापल्याच गेल्या नाहीत, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही आली ती त्याची छापलेली पहिली. दोनशे पानांच्या आतलं पुस्तक. १९७३ मध्ये पीटर येट्सने त्यावर सिनेमा केला, रॉबर्ट मिचम एडी झाला होता.

आता गोष्ट. एडी कॉइल हा पंचेचाळिशीच्या आसपासचा लहान माणूस, लहान म्हणजे त्या धंद्यातला खालच्या पायरीवरचा. बँका लुटणाऱ्या एका टोळीला तो बंदुका पुरवतो, त्या बंदुका तो जॅकी ब्राऊन नावाच्या सव्वीस वर्षांच्या पोराकडून घेतो. चोरीच्या मालाच्या एका केसमध्ये न्यू हॅम्पशरमध्ये तो दोषी ठरलाय, शिक्षा सुनवायची बाकी आहे, घरी बायको-मुलं आहेत आणि त्याला काही करून आत जायचं नाहीये. म्हणून तो फोली नावाच्या सरकारी एजंटला थोडंथोडं सांगायला लागतो. बस एवढंच. यात घडत काय नाही ते मला सांगा. ज्या धंद्यात एक नाव तोंडातून गेलं की कोणीतरी आत जातं आणि कोणीतरी मरतं त्या धंद्यात बोलणं हीच सगळ्यात मोठी हालचाल असते. बंदूक एकदा विकली जाते, माहिती तीनदा विकता येते, आणि या पुस्तकातला जवळजवळ प्रत्येकजण समोरच्याला काहीतरी विकायला बसलेला आहे. वाचकाने बघायचं ते हे की कोणी किती सांगितलं आणि नेमकं कुठे थांबला.

पहिलंच प्रकरण घ्या. एडी आणि जॅकी एका टेबलाशी बसलेत, बंदुकांचा सौदा चाललाय. लेखक एडीचं नाव सुद्धा सांगत नाही, तो त्याला नुसतं ठेंगणा जाड माणूस म्हणतो आणि प्रकरणभर तसंच म्हणत राहतो. जॅकी जरा मिजाशीत आहे, माल मिळेल, काळजी करू नका, असा त्याचा सूर. तेव्हा हा माणूस आपला डावा हात टेबलावर पसरून ठेवतो आणि त्या पोराला विचारतो हे काय आहे. पोरगा म्हणतो हात आहे. मग तो त्या पोराला त्याच्या स्वतःच्या बोटांचे सांधे मोजायला लावतो, कारण टेबलावरच्या त्या हाताला नेहमीपेक्षा जास्त सांधे आहेत, म्हणजे हाडं मोडून वेडीवाकडी जुळलेली आहेत. आणि मग तो सांगतो. त्याने पूर्वी कोणाला तरी बंदुका दिल्या होत्या, त्या बंदुकांचा माग पोलिसांना लागला, घेणारा माणूस तुरुंगात गेला, आणि त्याची माणसं एडीकडे आली. हात ड्रॉवरमध्ये ठेव म्हणाले आणि ड्रॉवर लाथेने बंद केला.

मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा परत मागे जाऊन बघितलं की यात लेखकाने काही वर्णन केलंय का. काही नाही. किंकाळी नाही, रक्त नाही, चेहऱ्यावरचे भाव नाहीत. आणि सगळ्यात भयानक काय असेल तर ते सांगतानाचा एडीचा सूर, त्या लोकांवर त्याचा राग सुद्धा नाही, चूक केली तर असं होतं, तेही आपलं काम करत होते, असं तो एखाद्या नव्या कामगाराला मशीनची माहिती द्यावी तसं समजावून सांगतो. मी कोर्टात अशी माणसं ऐकली आहेत. ज्याच्यावर खरंच बेतलंय तो बऱ्याचदा असाच बोलतो, सपाट, तपशिलाने, आणि न्यायाधीशांना सुद्धा क्षणभर कळत नाही की आता पुढचं काय विचारावं. आता मला सांगा, या पाच-सात पानांत त्या पोराला धमकी दिली गेली का? एकही धमकीचं वाक्य नाही. पण माल खराब निघाला तर काय होईल ते त्याला कळलं, आपल्यालाही कळलं. आणि शिवाय हेही कळलं की हा माणूस एकदा भरडला गेलाय आणि परत भरडला जाणार आहे. याला जर काही घडलं नाही म्हणायचं तर घडणं म्हणजे काय असतं?

‘कोण बोलतंय ते कळत नाही’ ही तक्रार मात्र मला समजते, कारण मलाही आधी तसंच झालं होतं. माझा मोठा भाऊ ऐंशीच्या पुढचा आहे, त्याला आता बारीक टाईप दिसत नाही, म्हणून रोज रात्री जेवणानंतर मी त्याला तासभर वाचून दाखवते. इंग्रजी पुस्तक असलं की मी डोळ्यांनी इंग्रजी वाचते आणि तोंडाने मराठीत सांगत जाते, इतक्या वर्षांची सवय आहे. हे पुस्तक सुरू केलं तर दादा दर चार ओळींनी विचारायचा, अगं पण आत्ता कोण बोलतंय? मग मी प्रत्येक वाक्याच्या मागे ‘एडी म्हणाला’, ‘फोली म्हणाला’ असं माझं जोडायला लागले, तर दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, तू मधेमधे येऊ नकोस, तू आलीस की त्यांचं बोलणं तुटतं. तेव्हापासून मी नुसतं बोलणं वाचायला लागले, माणूस बदलला की जरा थांबायचं, बस. आणि तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून त्याचं विचारणं आपोआप बंद झालं. मी दोन वाक्यं वाचली की तोच म्हणायचा, हा एडी, बघ शिकवायला लागला. किंवा, हा तो बारवाला डिलन, हा मुद्द्यावर सरळ येतच नाही, आधी कबुतरं आणि रस्त्यावरचा प्रवचनकार यांच्या गोष्टी सांगेल. नाव न ऐकता माणूस ओळखता येणं हे लेखकाचं केवढं काम आहे. म्हणून ज्यांनी चाळीस पानांवर सोडलं त्यांना माझी खरंच कळकळीची विनंती आहे की एकदा मोठ्याने वाचून बघा, कोणी ऐकायला असेल तर उत्तम, नसेल तर स्वतःला ऐकू येईल इतकं.

‘म्हणाला’ वरून आठवलं. एका वाचकाने लिहिलंय की लेखकाची शब्दसंपत्ती तोकडी आहे, सगळीकडे नुसतं ‘म्हणाला, म्हणाला’. आपल्याकडे खेकसला, पुटपुटला, गरजला, उद्गारला अशी रेलचेल वाचायची सवय आहे म्हणून तसं वाटतं. एल्मोर लेनर्ड हा गुन्हेगारी कादंबऱ्यांमधला डायलॉगचा मोठा उस्ताद, त्याने २००१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिण्याचे आपले नियम सांगितले होते, त्यात एक नियम हाच की संवादाला ‘म्हणाला’ सोडून दुसरं क्रियापद वापरू नका. कारण सरळ आहे, ‘खेकसला’ असं लेखकाला सांगावं लागलं म्हणजे वाक्य स्वतः खेकसलं नाही. हाच लेनर्ड हिगिन्सच्या या पुस्तकाला गुन्हेगारी कादंबऱ्यांमधली सर्वात चांगली कादंबरी मानायचा, नंतरच्या एका आवृत्तीला त्याने प्रस्तावनाही लिहिली. दिग्दर्शक टॅरँटिनोने १९९७ मध्ये लेनर्डच्याच एका कादंबरीवर सिनेमा केला तेव्हा नायिकेचं आडनाव बदलून तिला जॅकी ब्राऊन केलं, आणि हे नाव या पुस्तकातल्या बंदुका विकणाऱ्या पोराचं आहे हे वाचल्यावर मला उगाच आनंद झाला होता.

स्क्रिप्टसारखं वाटतं म्हणणाऱ्यांना थोडक्यात सांगते. सिनेमात माणूस खोटं बोलत असला तर नट डोळे वळवतो, कॅमेरा हातावर जातो. पुस्तकात आपल्याजवळ यातलं काही नसतं, शब्द ऐकूनच ठरवावं लागतं, आणि एडीलाही तेच करावं लागतंय. तो चुकीचं ठरवतो. डिलन हा त्याचा मित्र, त्याच्या बारमध्ये एडी मोकळेपणाने बोलतो, आणि हाच डिलन फोलीकडून आठवड्याला वीस डॉलर घेऊन खबरी देतोय हे आपल्याला कळतं तेव्हा आपण आधीची पानं परत उलटून बघतो की तिथे काही कळण्यासारखं होतं का. शिव्यांबद्दल तर मी काही लिहितच नाही, ही माणसं दुसरं काय बोलणार, आणि मी कोर्टात याहून वाईट टाईप केलंय.

पण काही तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. बायका या पुस्तकात जवळजवळ नाहीतच. एडीच्या बायकोबद्दल आपण एडीकडून ऐकतो तेवढंच, आणि नवरा तुरुंगात गेल्यावर जिला सगळं ओढायचंय तिला एक प्रकरण मिळायला हवं होतं असं मला तळमळीने वाटतं, कारण कोर्टाच्या बाकावर बसलेल्या अशा बायका मी वर्षानुवर्षं पाहिल्यात, त्याही बोलतात, आणि हळू आवाजात खूप बोलतात. टोळीतली नावं सुरुवातीला एकमेकांत मिसळतात हेही खरं, मी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवली होती. आणि हिगिन्सच्या नंतरच्या पुस्तकांत बोलणं इतकं वाढत गेलं की गोष्टीचा धागा हातातून सुटतो, ही तक्रार बऱ्याच वाचकांची असते आणि मला ती पटते. १९७४ चं ‘कोगन्स ट्रेड’ मला आवडलं पण तिथे सुद्धा दोन-तीन ठिकाणी मी दादाला म्हटलं, हे आपण उद्या वाचू.

या पुस्तकात मात्र तसं होत नाही कारण प्रत्येक बोलण्याची किंमत पुढे कोणीतरी मोजतं. एडी आधी जॅकीला देतो. फोली म्हणतो एवढ्याने भागत नाही. मग एडी टोळीचं नाव द्यायचं मनाशी ठरवतो, सांगायला जातो तर उशीर झालेला, ते लोक आधीच पकडले गेलेत. म्हणजे त्याच्याकडे विकायला होतं तेही गेलं, आणि वर सगळ्यांना वाटतंय की त्यानेच सांगितलं. ज्या नावासाठी त्याला मारायचं ठरतं ते नाव त्याने दिलेलंच नाही. आणि मारायचं काम जातं डिलनकडे.

आता तू-तुम्हीचं, जे मला या सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं आणि जे आपल्याकडच्या एकाही वाचकाने लिहिलेलं नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत सांगायला गेलं की पहिल्या वाक्यालाच अडायला होतं. जॅकी सव्वीसचा, समोरचा माणूस जवळजवळ बापाच्या वयाचा, म्हणून मी पहिल्या रात्री जॅकीच्या तोंडी ‘तुम्ही’ घातलं. दादा लगेच म्हणाला, छे, बंदुका त्याच्याकडे आहेत, गरज या म्हाताऱ्याला आहे, तो कशाला अहो-जाहो करेल? मला पटलं, मी मागे जाऊन ‘तू’ करून वाचलं. मग तो हाताचा प्रसंग आला, ड्रॉवरचा, आणि तो संपल्यावर जॅकीचं पुढचं वाक्य माझ्या तोंडून ‘तुम्ही’ असं बाहेर पडलं. मी ठरवलं नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्या टेबलाशी काय बदललं ते त्या एका शब्दात होतं, आणि इंग्रजी पानावर तो शब्द नव्हताच, तरी तो तिथे होता.

मग आम्ही प्रत्येक जोडीचं ठरवत गेलो. एडी फोलीला तुम्ही म्हणणार, फोली एडीला पहिल्यापासून तू, यावर वाद झाला नाही. फोली डिलनला काय म्हणेल यावर दोन रात्री वाद झाला. दादाचं म्हणणं पैसे देणारा तूच म्हणणार, मला वाटत होतं की फोली त्याला थोडा दबकून आहे, तुम्ही म्हणेल. अजून ठरलेलं नाही.

एडी आणि डिलन मात्र सुरुवातीपासून अरे-तुरे. आणि म्हणून ते शेवटचं वाचणं मला जड गेलं. डिलन त्याला बॉस्टन गार्डन स्टेडियममध्ये ब्रुइन्स संघाची बर्फावरच्या हॉकीची मॅच बघायला नेतो, बिअर पाजतो, एडी बॉबी ऑरच्या खेळावर खूश होऊन बोलतोय, इतक्या दिवसांनी तो कशावर तरी खूश झालाय. मारण्याचा प्रसंग नंतर गाडीत, आणि तो मॅचच्या गप्पांपेक्षा कितीतरी कमी जागेत उरकलाय. मी मॅचमधलं डिलनचं बोलणं वाचत होते, अरे घे ना, अरे बस, असं मराठीत येत होतं, आणि पुढे काय आहे ते मी आधी वाचलेलं असल्यामुळे त्या ‘अरे’ वर माझा आवाज गेला. दादाने हात वर केला, म्हणाला, थांब, हा आता याला मारणार. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाला, इतके दिवस हा कधी इतकं गोड बोलला नव्हता.

त्याला पान दिसत नाही, नावं मी वाचली नव्हती, लेखकाने काही सुचवलेलं नाही. त्याने फक्त ऐकलं होतं.

तेव्हा एक विनंती. या विषयाला पुरवणीत पुन्हा जागा देणार असाल तर वाचकांना एवढंच विचारा की ड्रॉवरची गोष्ट ऐकल्यावर जॅकी त्या माणसाला मराठीत तू म्हणेल की तुम्ही, आणि का. उत्तरं आली की मला दादाला वाचून दाखवायची आहेत. आणि फोली डिलनला काय म्हणेल तेही कोणाला सुचलं तर जरूर लिहावं, आमचं अजून अडलंय.

आपली,
एक निवृत्त कोर्ट स्टेनो